हौशी नेमबाजीसाठी परवडणारं पिस्तूल कसं निवडावं

नेमबाजीची गोडी लागलेला माणूस आधी परदेशी व्हिडिओ पाहतो आणि मग विचारतो, स्वस्तातलं पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचं पिस्तूल कुठलं घ्यावं? अमेरिकेत याचं उत्तर सोपं आहे. तिथे रुगर मार्क फोर, ब्राउनिंग बक मार्क, स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी यांपैकी काहीही घ्या, हौशी नेमबाजाला ते पुरतं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत हे उत्तर उपयोगाचं नाही. पॉइंट टू टू हे अग्निशस्त्र आहे आणि त्याला शस्त्र परवाना लागतो. परदेशी पिस्तुलांची आयात सामान्य नागरिकाला कित्येक वर्षांपासून बंद आहे. ती सवलत नावाजलेल्या, ठरावीक दर्जाचे गुण मिळवलेल्या नेमबाजांनाच मिळते. त्यामुळे देशात फिरणाऱ्या मोजक्या आयात पिस्तुलांचे भाव त्यांच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट असतात.

म्हणून इथे क्रम वेगळा ठेवावा लागतो. आधी क्लब गाठायचा आणि काही महिने क्लबच्या पिस्तुलावर हात बसवायचा. मग स्वतःचं ४.५ मिमीचं एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा उडवणारं पिस्तूल घ्यायचं. पॉइंट टू टूची हौस तोवर क्लबच्या परवान्यावरच्या पिस्तुलाने रेंजवरच भागवायची. एअर पिस्तूल म्हणजे दुय्यम प्रकार असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. पॅरिसमध्ये २०२४ साली मनू भाकरने दोन ऑलिंपिक कांस्यपदकं याच १० मीटर एअर पिस्तुलावर मिळवली, त्यातलं दुसरं सरबज्योत सिंगच्या जोडीने.

कायद्यापुरतं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ज्या एअरगनचा व्यास ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीपेक्षा जास्त नाही आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून साधारण ०.४९ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटतो. हिशेब केला तर ऊर्जा साडेपाच ज्यूल भरते. म्हणजे मर्यादेच्या बरंच आत. मात्र ५.५ मिमीचं एअर पिस्तूल जालावर कितीही स्वस्त दिसलं तरी त्याच्या वाट्याला जाऊ नका. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या. पक्कं बिल घ्या आणि त्याची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. पिस्तुलाचा क्रमांक बिलावर लिहून घेतला आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या.

पैसे कशाला द्यायचे

नवा माणूस पेटीवरचा वेग वाचतो. सेकंदाला किती फूट, धातूचं अंग आहे की प्लास्टिकचं, हुबेहूब खऱ्यासारखं दिसतं का, हे पाहतो. कागदावर भोक पाडायला यातलं काहीच लागत नाही. नेमबाजीच्या पिस्तुलात तीन गोष्टींना पैसे मोजायचे असतात: मूठ, ट्रिगर आणि साइट, म्हणजे नेम धरायचं पुढचं पातं आणि मागची खाच. हे तीन बरे असतील तर बाकी सगळं चालवून घेता येतं.

साइटचं गणित एकदा नीट समजून घ्या, मग स्वस्त पिस्तूल महाग कसं पडतं ते लक्षात येईल. १० मीटरच्या टार्गेटवर मधलं, दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिमी बाहेर सरकतं. पुढची साइट आणि मागची साइट यांतलं अंतर ३३० मिमी असेल आणि नेम धरताना पुढची साइट मागच्या खाचेत फक्त ०.३ मिमी बाजूला सरकली, तर छर्रा टार्गेटवर ९ मिमी बाजूला लागतो. म्हणजे एक गुण गेला. साइटमधलं अंतर २०० मिमी असेल तर तीच ०.३ मिमीची चूक १५ मिमी होते आणि जवळजवळ दोन गुण जातात. चूक तितकीच, दंड मात्र दीडपटीहून जास्त. आखूड पिस्तुलावर शिकणारा माणूस आपला हातच वाईट समजून नाराज होतो, त्याचं एक कारण हे.

मागची साइट वरखाली आणि डावीउजवीकडे, दोन्हीकडे स्क्रूने फिरली पाहिजे. स्क्रू फिरवताना स्पष्ट टिचक्या जाणवल्या पाहिजेत. नुसती घट्ट बसवलेली साइट असलेलं पिस्तूल टार्गेटसाठी घेऊच नका. हात पूर्ण लांब करून बघितल्यावर पुढच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची पट्टी दिसली पाहिजे. प्रत्येक पट्टी पात्याच्या साधारण निम्म्या रुंदीची असली की नजरेला सोपं जातं. त्याहून बारीक पट्टीत डोळा थकतो, आणि चाळिशीनंतर तर हे लवकर जाणवतं.

ट्रिगरबाबत नियम सांगतो की १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा, म्हणजे तो सुटायला निदान तेवढा भार लागावा. हौशी माणसाला ५०० ते ७०० ग्रॅममधला, दोन टप्प्यांचा ट्रिगर हवा: पहिला टप्पा मऊ, मग एक स्पष्ट थांबा, आणि त्यानंतर जरासा दाब दिला की सुटला. ज्यात बोट नुसतं ओढत राहतं आणि कधी सुटेल ते कळत नाही, तो ट्रिगर कामाचा नाही. तपासायला अर्धा किलोचं प्रमाणित वजन आणि एक आकडा पुरतो. छर्रा न भरता पिस्तूल सज्ज करा, नळी सरळ वर, सुरक्षित दिशेला धरा, वजन ट्रिगरच्या मधोमध अडकवा आणि टेबलावरून हळूच उचला. वजन उचललं जाऊनही ट्रिगर सुटला नाही, तर तो नियमात बसतो. हे पाच-सहा वेळा करा. कधी सुटतो, कधी नाही, असं झालं तर ट्रिगरच्या आतले भाग झिजलेले आहेत असं समजा.

मुठीची परीक्षा दुकानातच होते. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून डावा हात खिशात घाला, म्हणजे खांदे स्थिर राहतील. डोळे मिटा, उजवा हात नेहमीसारखा उचलून भिंतीकडे धरा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध यायला हवी. ती दर वेळी उजवीकडे किंवा डावीकडे दिसत असेल, तर मनगट वळवून ती जुळवू नका. मनगटाने जुळवलेलं पिस्तूल चाळिसाव्या शॉटला हात थकला की पुन्हा मूळ जागी जातं. मूठ फिरवता येते का ते पाहा, नाहीतर दुसरं माप मागा. चांगल्या मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत येतात. आपल्याकडे बऱ्याच जणांना, विशेषतः मुली आणि बायकांना, दुकानात ठेवलेली मध्यम मूठ मोठी पडते. मग तर्जनी ट्रिगरवर तिरकी जाते आणि प्रत्येक शॉट बाजूला ढकलला जातो. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सरळ टेकला पाहिजे आणि बोटाची बाकी बाजू लाकडाला लागता कामा नये.

लाकडी मूठ कानशीने घासून आणि लाकडी लांबीने (पुट्टीने) भरून हाताप्रमाणे करता येते. घासताना एका वेळी अर्धा मिलिमीटरच घासा आणि दोन सराव करून मगच पुढचा हात लावा. घासलेलं लाकूड परत येत नाही.

वजनाबद्दल घाई नको. नियमात एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, पण बहुतेक चांगली पिस्तुलं ८५० ग्रॅम ते एक किलोच्या आसपास असतात. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हात सरळ ठेवून पंधरा सेकंद धरून पाहा. खांदा थरथरायला लागला तर सुरुवात हलक्या पिस्तुलाने करा. वजन नंतर वाढवता येतं.

कुठल्या जातीचं घ्यावं

स्प्रिंगचं पिस्तूल सगळ्यात स्वस्त, काही हजारांत मिळतं. पण त्यात छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच जड पिस्टन पुढे धडकतो आणि पिस्तूल हातात उडी मारतं. हात जरा वेगळा धरला की छर्रा वेगळीकडे. शिकणाऱ्याला आपली चूक कुठली आणि पिस्तुलाची कुठली ते कळतच नाही. छर्रा न घालता ते उडवलं तर पिस्टनचं सील खराब होतं, त्यामुळे कोरडा, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सरावही करता येत नाही. टार्गेटसाठी ही जात आम्ही सुचवणार नाही.

सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) १२ ग्रॅमच्या नळकांड्यांवर चालणारी पिस्तुलं मोहक दिसतात. अडचण हवामानाची. सीओटूचा दाब तापमानावर ठरतो. २० अंशांना तो ५७ बारच्या आसपास असतो, ३० अंशांना ७२ बारच्या. ३१ अंशांच्या वर तर सीओटू द्रवरूपात राहतच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या रेंजमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो. सकाळी एसी हॉलमध्ये लावलेली साइट दुपारी खोटी ठरते. भरभर शॉट मारले की नळकांडं गार पडतं आणि छर्रे खाली उतरायला लागतात. नळकांड्यांचा खर्च वेगळाच.

परवडणाऱ्यातली खरी चांगली जात म्हणजे एका दमाची, सिंगल स्ट्रोक. प्रत्येक शॉटला एकदा दांडी ओढून हवा भरायची, बस. सिलिंडर नाही, पंप नाही. दर शॉटला हवा तितकीच, त्यामुळे वेग एकसारखा आणि धक्का जवळजवळ नाही. वायराउखचं एचडब्ल्यू ४० आणि गामोची कॉम्पॅक्ट ही या जातीची छोटी पिस्तुलं. बायकलचं आयझेडएच-४६एम हे याच जातीतलं, पण लांब साइट असलेलं, खऱ्या स्पर्धेच्या बांधणीचं. जुन्यात चांगल्या अवस्थेत सापडलं तर दुसरा विचार करू नका. तोटा एकच, साठ शॉटला साठ वेळा दांडी ओढावी लागते आणि तोच हात मग नेम धरायला थरथरतो. उपाय म्हणजे दांडी दुसऱ्या हाताने ओढायची आणि दोन शॉटमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यायचा. हवा भरून पिस्तूल तसंच ठेवू नका. दाबाखाली राहिलेलं सील चपटं होतं आणि मग गळायला लागतं.

सर्वांत वरची जात कॉम्प्रेस्ड एअरची, म्हणजे दाबून हवा भरलेल्या सुट्या सिलिंडरची: स्टायरचं इव्हो १०, मोरिनीचं सीएम १६२, पार्डिनीचं के १२, वॉल्थरचं एलपी ५००, फाइनवेर्कबाउचं पी८एक्स. त्यातल्या त्यात स्वस्तात हॅमर्लीचं एपी २०. नवी घ्यायची तर बहुतेक लाखाच्या वर जातात. हौशी माणसाने यांतलं नवं घेण्यापेक्षा जुनं, तपासून घेतलेलं घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. क्लबात दर हंगामात कुणी ना कुणी पिस्तूल बदलतं, आणि कोचला ते पिस्तूल कसं वापरलं गेलं ते माहीत असतं.

जुनं घेताना

आधी सिलिंडर बघा, पिस्तूल नंतर. प्रत्येक सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते आणि त्याची मुदत सहसा दहा वर्षांची असते. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि २०० बार दाब धरणाऱ्या वस्तूबाबत घरीही चालवून घेऊ नये. विकणारा म्हणेल, "अजून छान चालतंय, काही होत नाही." ऐकू नका. नव्या सिलिंडरची किंमत आधी दुकानातून विचारून घ्या आणि ती सौद्यातून वजा करा. सिलिंडर न मिळणाऱ्या जुन्या मॉडेलचं पिस्तूल फुकट मिळालं तरी महाग.

मग गळती. सिलिंडर २०० बारपर्यंत भरून पिस्तुलाला लावा, दाबमापीचा फोटो काढा, चोवीस तासांनी पुन्हा पाहा. काटा हलला असेल तर जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे सील गेलं. सील बदलणं स्वस्त असतं, पण ते सील भारतात मिळतं का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर टेबलावर वाळूची पिशवी ठेवून त्यावर मनगट टेकवा आणि १० मीटरवर पाच-पाच छऱ्यांचे चार गट मारा. गुण मोजू नका, गट किती लहान आहे ते बघा. स्पर्धेच्या पिस्तुलाचे टेकवून मारलेले छर्रे दहाच्या वर्तुळात मावतील इतके जवळ पडायला हवेत. एका दमाच्या छोट्या पिस्तुलाचा गट २० मिमीत आला तरी हौशी सरावाला तो उत्तम. गट उभा लांब पडत असेल तर दाब कमीजास्त होतोय, म्हणजे रेग्युलेटरची, दर शॉटला दाब सारखा ठेवणाऱ्या भागाची, शंका घ्या. चार छर्रे एकत्र आणि पाचवा दर वेळी लांब, असं असेल तर पिस्तुलाला दोष देण्याआधी मुठीचा आणि साइटचा स्क्रू घट्ट आहे का ते पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

सिलिंडर भरण्याबाबत एक गोष्ट अगदी कडक. फक्त हवा. ऑक्सिजन कधीही नाही, आणि भरण्याच्या जोडाला साधं तेल किंवा ग्रीस नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनात तेल आलं की स्फोट होतो. क्लबात डायव्हिंगचं मोठं सिलिंडर असतं, त्यावरून भरताना झडप हळू उघडा, काटा चढताना दिसला पाहिजे. हातपंप घेतलात तर पावसाळ्यात त्यात भरपूर पाणी जमतं. दर पन्नासेक झटक्यांनी पंप थांबवून खालची झडप उघडा आणि ओल बाहेर सोडा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाऊन आतून गंजवते. भरलेलं सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

छर्रे

टार्गेटला चपट्या डोक्याचेच छर्रे घ्या. ते कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतात आणि रेषेवरचा गुण वाचता येतो. टोकदार छऱ्याने कागद फाटतो. डब्यात बहुधा ५०० असतात. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा मिळतो आणि प्रत्येक नळीला वेगळा मानवतो. तीन प्रकारचा एकेक डबा घेऊन वर सांगितल्याप्रमाणे टेकवून गट मारा, जो लहान गट देईल तोच पुढे घ्या. महागडा डबाच चांगला लागेल असं नाही. छऱ्याची मागची कड फार मऊ असते. डब्यातून मूठभर छर्रे खिशात टाकले की कडा वाकतात, आणि मग एखादा छर्रा विनाकारण सातात जातो. शिसं आहे, त्यामुळे सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका, आणि मुलं असतील तर त्यांचेही धुवा.

कुठे चालवायचं, कुठे नाही

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टूबीएचके फ्लॅटमध्ये १० मीटर सरळ अंतर मिळणं कठीण. गच्ची सोसायटीची असते आणि तिथे छर्रा उडवणं हा वेडेपणा आहे. साडेपाच ज्यूलचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. घरात फक्त कोरडा सराव करा: पिस्तूल रिकामं, छऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत, समोर कोरी भिंत. दिवसाला पंधरा मिनिटं, साइट हलू न देता ट्रिगर दाबायचा. हातातलं कौशल्य इथेच वाढतं आणि याला एक रुपयाही लागत नाही. घरात कुणाची ये-जा नसलेली, मागे पक्की भिंत असलेली ५ मीटरची जागा असेलच, तर टार्गेट अर्ध्या मापाचं करा, काळा गोल ५९.५ ऐवजी ३० मिमीचा. छर्रे अडवायला दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची पेटी घ्या. आतला पत्रा तिरका असावा, म्हणजे छर्रा परत उसळत नाही, खाली पडतो. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांच्या, पाहणाऱ्यांच्याही.

येऊरकडे पिस्तूल घेऊन जाऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तिथे परवानगीशिवाय शस्त्र नेणं हाच गुन्हा. ऐरोली, वाशीच्या खाडीकिनाऱ्यालाही तेच लागू, ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. पक्ष्यांवर एअरगन चालवणाऱ्यांमुळे सगळ्या नेमबाजांकडे संशयाने बघितलं जातं, याची चीड आम्हाला आहे आणि तुम्हालाही असू द्या.

रेंजवर जाताना पिस्तूल रिकामं, बंद आणि कुलूप लावलेल्या पेटीत ठेवा. ठाणे-वाशी लोकलमध्ये पेटी उघडून मित्राला दाखवू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरात वरचेवर मनाई आदेश निघतात आणि त्यात शस्त्र बाळगण्याचा उल्लेख असतो. बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र जवळ असलं की बोलणं सोपं होतं.

खाडीची हवा

वाशी, नेरूळ, कळव्याला खिडकी उघडी ठेवली की लोखंडाला मीठ लागतं. त्यात घामेजलेला तळहात. सराव झाला की बाहेरचे धातूचे भाग सुक्या कपड्याने पुसा, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. नळीत आणि झडपेत तेलाचा फवारा मारू नका, सीलं फुगतात आणि पुढचे वीस छर्रे कुठेही जातात. पेटीतला फोम ओल धरून ठेवतो, म्हणून ओल्या दिवशी घरी आल्यावर पिस्तूल तासभर बाहेर, कुलूपबंद कपाटात वाळू द्या आणि मगच पेटीत घाला. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. जुलैत लाकडी मूठ किंचित फुगते. एरवी बरोबर बसणारी मूठ हाताला अचानक घट्ट वाटली तर कानस हातात घेऊ नका, ऑक्टोबरपर्यंत थांबा.

पॉइंट टू टूकडे कधी

एअर पिस्तुलावर साठ शॉटमध्ये आठच्या बाहेर छर्रा क्वचित जायला लागला की क्लबमध्ये पॉइंट टू टूची वेळ मागा. २५ मीटरची रेंज सगळीकडे नसते. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज किंवा पुण्याची बालेवाडी, इथपर्यंत जायची तयारी ठेवा. २५ मीटरच्या प्रिसिजन (सावकाश, अचूक नेमाच्या) टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं, ट्रिगर किमान एक किलोचा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. २.६ ग्रॅमची गोळी पिस्तुलातून सेकंदाला २७० मीटरच्या आसपास सुटते आणि तिची ऊर्जा ९५ ज्यूल, म्हणजे एअर पिस्तुलाच्या सतरा पट होते. काडतुसांच्या डब्यांवर मैल-दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते, ती खरी माना.

या काडतुसात पेटणारं द्रव्य बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन कडेवर आपटते. त्यातून दोन गोष्टी ओघाने येतात. एक, रिकामं पिस्तूल चालवलं तर बऱ्याच पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या कडेवर आदळते, तिथे खळगा पडतो आणि मग काडतूस नीट बसत नाही की निघत नाही. क्लबचं पिस्तूल विचारल्याशिवाय कोरडं चालवू नका. दोन, कडेत द्रव्य सगळीकडे सारखं पसरलेलं नसलं की काडतूस फुसकं निघतं. तसं झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा आणि तो सांगेपर्यंत काही उघडू नका. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढचा शॉट अजिबात मारू नका, गोळी नळीत अडकलेली असू शकते.

स्वतःचं घ्यायचंच ठरलं तर वय २१ पूर्ण हवं. ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांच्या हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, मुरबाड-शहापूरकडच्या ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जासोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला आणि सुरक्षित साठवणुकीची हमी लागते. खेळासाठी मागताय हे दाखवायला क्लबचं सभासदत्व आणि स्पर्धांच्या गुणपत्रिका जोडा, म्हणून पहिल्या जिल्हा स्पर्धेपासूनचा प्रत्येक कागद फाइलला लावा. भारतीय बनावटीचं पॉइंट टू टू रिव्हॉल्व्हर मिळतं, पण त्याची आखूड नळी आणि छोटी साइट स्वसंरक्षणाच्या हिशेबाने केलेली आहे, टार्गेटला ते घेऊ नका. परवाना हातात आल्यावरही पिस्तूल घेण्याआधी क्लबात विचारा, त्या मॉडेलचं मॅगझिन आणि फायरिंग पिन इथे मिळते का. आणि काडतुसं घ्याल ती एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली घ्या. अर्धस्वयंचलित पिस्तूल एका लॉटवर सुरळीत चालतं आणि दुसऱ्यावर दर मॅगझिनला अडकतं, त्यामुळे मोठी खरेदी करण्याआधी पन्नास काडतुसं चालवून बघा.